नमुन्याचा गोळा

माझ्या तोंडातून शब्द सावकाश निघतात. इतके सावकाश, की मी "चहा नको" म्हणायला सुरुवात करतो आणि "नको"पर्यंत पोचतो तेव्हा माझाच कप माझ्याच हातात रिकामा झालेला असतो. त्यामुळे आयुष्यात मी फारशा गोष्टींना नकार दिलेला नाही. लग्नालासुद्धा. (हे शालूबाईने वाचू नये. पण ती वाचणार नाही. ती म्हणते, तुमचं लिहिणं तुमच्यासारखंच, एकदा बसलं की उठत न्हाई.)

असा मी, आकाराम, त्या रविवारी रहिमतपूरच्या आमच्या सोप्यात बसलो असताना एक शब्द झटकन बोलून गेलो.

"आणतो."

शालूबाईच्या हातातली परात तशीच राहिली. माझी मुलगी शिवांजली माझ्याकडे बघत राहिली. मी इतक्या लवकर बोललो याचंच दोघींना इतकं नवल वाटलं, की मी काय बोललो याचा विचार कुणी केला नाही. पुढचं सगळं त्यामुळे घडलं.

साल पंचाण्णव. शिवांजलीला माण तालुक्यात, म्हसवडला, एका कचेरीत काम मिळालं होतं. गावोगाव जीपने हिंडायचं आणि प्रत्येक विहीर, प्रत्येक तळं नकाशात मांडायचं. नकाशा कागदावर नव्हता. तिला कचेरीने लॅपटॉप दिला होता. आमच्या वेळच्या दगडी पाटीएवढा आकार, तसाच काळा रंग, आणि वजनाला अशा चार पाट्या. तो मांडीवर घेऊन उघडला की आत नकाशा दिसे आणि नकाशावर एक बारीक बाण. तो बाण विहिरीच्या जागी नेऊन टिचकी मारायची, की खूण पडली. बाण हलवायला एक माऊस होता, वायरीने जोडलेला. त्याच्या पोटात एक गोळी असते. माऊस टेबलावर सरकवला की गोळी फिरते आणि बाण चालतो.

अडचण एवढीच, की माणमधल्या विहिरींशेजारी टेबलं नसतात.

शिवांजलीने माऊस जीपच्या टपावर सरकवून बघितला, धोंड्यावर बघितला, शेणाने सारवलेल्या ओट्यावर बघितला. गोळीत माती जायची आणि बाण पिसाळल्यासारखा कुठेही पळायचा. एका गावात तर विहिरीची खूण सरपंचाच्या माजघरात पडली. सरपंच म्हणाले, "बाई, तितं पानी असतं तर मी बायकूला दोन मैल कशाला धाडली असती?"

ही गोष्ट कचेरीतल्या मोठ्या साहेबांच्या कानावर गेली. साहेब बुधवारी स्वतः म्हसवडला येऊन काम बघणार होते. खुणा नीट पडल्या तर शिवांजली कायम होणार. नाही पडल्या तर काम पुण्याच्या एका इंजिनियरकडे जाणार आणि शिवांजली घरी.

"सांगलीत एका दुकानात टेबलाशिवाय चालणारी यंत्रं आलीत म्हणं," ती त्या रविवारी सांगत होती. "तीन-चार तऱ्हा असत्यात. पण हाताला कुठलं बसतंय ते बघूनच घ्याय पायजे. आन् मला तर उद्या पहाटंच म्हसवडला जायचंय."

'हाताला बसतंय ते बघून' हे तिने म्हटलं आणि माझ्या तोंडून तो शब्द गेला.

कारण आयुष्यभर मी दुसरं काही केलेलंच नाही. तिसरीत शाळा सुटली ती सुटलीच. पण सांगलीच्या हळद बाजारात एका अडत दुकानात मी चाळीस वर्षं माल पारखला. पोत्यात हात घालायचा, मूठभर हळकुंडं काढायची, एक मोडून आतला रंग बघायचा, दोन एकमेकांवर आपटून कानाशी न्यायची. वाळलेली हळद खणखणते, ओली मुकी असते. माझ्या तळहाताच्या रेषा अजून पिवळ्या आहेत. साबणाने जात नाहीत. शालूबाई म्हणते, हळदीचा रंग नवरीचा जातो चार दिवसांत, नवऱ्याचा ऱ्हायलाय चाळीस वर्सं.

त्या बाजारात बोलायचं कमी असे. खांद्यावरचा पंचा हातावर टाकायचा, त्याच्या आड समोरच्याची बोटं धरायची आणि बोटांनीच भाव सांगायचा. डोळे समोरच्याच्या तोंडाकडे, हात पंच्याखाली. माझ्यासारख्या मुक्याला देवानेच ती नोकरी दिली असावी. घरी आल्यावर मी पोरीशीही तसंच बोलायचो. ती लहान असताना शाळेच्या दारात रडायला लागली की पंच्याखाली तिची करंगळी दोनदा दाबायची. 'मी हाय' असा त्याचा अर्थ. तोंडाने म्हणायला मला फार वेळ लागला असता आणि शाळा भरून गेली असती.

"तात्या आणतील," शिवांजली म्हणाली. "त्यांच्या हाताला कळंल."

"हाताला कळंल गं," शालूबाई म्हणाली, "पर दुकानदाराला ह्यास्नी काय पायजे ते कवा कळायचं?"

सोमवारी मी सकाळच्या पॅसेंजरमध्ये बसलो. खिडकीतून ऊन मांडीवर आलं. तारगाव गेलं, मसूर गेलं. उसाच्या फडांवर धुकं होतं आणि गाडी अशी चालली होती की तिलाही कुठे जायचं ते आठवत नव्हतं. मला अशी गाडी आवडते. ती माझ्यासारखी बोलते. प्रत्येक स्टेशनावर थांबून. ताकारीला मी डोळे मिटले, आणि नांद्र्याला उघडले तेव्हा हळदीचा वास आला. सांगली अजून पुढे होती. वास आधी येतो.

स्टेशनावर नानासो उभा होता. नानासो माझा बाजारातला जोडीदार. मी जितका सावकाश, तितका तो घाईचा. चाळीस वर्षं माझी अर्धी वाक्यं त्यानेच पुरी केली. (त्यातली बरीच मला बोलायचीच नव्हती.)

"काय रं आक्या, काय घ्याय आलास?"

"त्ये... शिवांजलीचं... मांडीवरचं..."

"नातू झाला? अन् आमाला पेढा न्हाई?"

दुकानापर्यंत पोचेस्तोवर त्याला नकाशा, विहिरी आणि साहेब कळले. नातवाचं मात्र त्याने वाटेत दोघांना सांगून टाकलं होतं. पोरीचं अजून लग्न व्हायचं होतं.

दुकान लहान होतं, काचेचं. आत सुमंत नावाचा तरुण मालक. त्याचा टेलिफोन सारखा वाजत होता आणि तो एका कानाने आमच्याशी, दुसऱ्या कानाने टेलिफोनशी बोलत होता. त्याने आमच्यापुढे तीन वस्तू मांडल्या.

पहिला एक इवलासा माऊस, पिशवीत मावेल असा. मी तो हातात घेतला. अंगठा आणि दोन बोटं, बाकीच्या बोटांना जागाच नाही. चिमटीत तपकीर धरल्यासारखं वाटलं. दुसरी एक जाड पेनासारखी काडी, तिच्या टोकाला बारीक गोळी. ती मी धरली आणि मला तिसरीचा वर्ग आठवला. ठेवून दिली. तिसरा एक चपटा डबा, त्याला चिमटा. तो लॅपटॉपच्या कडेला लावायचा. त्याच्या वाटीत एक पिवळट पांढरा गोळा बसवलेला.

"हा ट्रॅकबॉल, काका," सुमंत म्हणाला. "हा सरकवायचा नाही. हा जागेवर राहतो. अंगठ्याने फक्त बॉल फिरवायचा. जीपमध्ये चालेल, झाडावर बसून चालेल. एकच पीस आलाय मुंबईहून."

मी खांद्यावरचा पंचा काढला, हातावर आणि डब्यावर टाकला आणि सवयीने सुमंतच्या तोंडाकडे बघत गोळा फिरवू लागलो.

सुमंत मागे सरकला. "काका, काय करताय?"

"पारखतोय त्यो," नानासो म्हणाला. "तुमी गप ऱ्हावा. मालकानं बोललं की हात बिघडतोय."

गोळा अंगठ्याखाली फिरला. गार होता, मग ऊबदार झाला. पोरीचा अंगठा माझ्यासारखाच आहे, जरासा बाहेर वळलेला. मला कळलं की तिचा अंगठा इथे बसेल.

"साफ करायचा झाला तर असं," म्हणत सुमंतने पंचा बाजूला केला, वाटीची कडी फिरवली आणि गोळा काढून माझ्या तळहातावर ठेवला. तेवढ्यात टेलिफोन वाजला आणि तो तिकडे गेला.

गोळा तळहातावर आला आणि चाळीस वर्षं एकदम परत आली. मी तो हुंगला. नखाने टिचकी मारून कानाशी नेला. चांगला खणखणीत होता. मोडून आतला रंग तेवढा बघायचा राहिला.

"कसा हाय?" नानासो म्हणाला.

मी मान हलवली.

"मग नमुना पार्टीला दावू, पसंत पडला की माल उचलू."

आता तुम्ही हसाल. पण बाजाराचा नेमच तसा आहे. पोतं जागेवर राहतं. मूठभर नमुना रुमालात बांधून पार्टीकडे, म्हणजे माल घेणाऱ्याकडे, जातो. पार्टीने नमुना बघून मान डोलावली, की मगच पोतं हलतं. नमुन्याआधी माल उचलणाऱ्या माणसाला आमच्यात चोर म्हणतात, नाहीतर मूर्ख. मी चाळीस वर्षांत एकदाही तसं केलं नाही. आणि पार्टी तर म्हसवडला होती.

"मालक," मी सुरुवात केली, "हा... एवढा... नमुना..."

"हो हो," सुमंत टेलिफोनवर हात ठेवून म्हणाला, "करा करा, तुम्ही करा."

नानासोने चिठ्ठी लिहिली: 'आकाराम, रहिमतपूर, यांचा माल. नमुना पार्टीकडे.' ती डब्याला दोऱ्याने बांधली, इसार म्हणून काही पैसे काचेवर ठेवले, आणि आम्ही बाहेर पडलो. मी गोळा पंच्याच्या टोकाला बांधला. जड गाठ खांद्यावर आपटत होती. फार दिवसांनी मला कामावरून घरी जातोय असं वाटलं.

रात्र नानासोकडे काढली. मंगळवारी सकाळी विट्याला एसटी बदलली आणि म्हसवडच्या गाडीत बसलो. विट्याच्या पुढे रस्ता चढ-उताराचा. ऊस संपला, मग ज्वारी विरळ झाली, मग नुसते माळ आणि त्यांच्यावर उभं ऊन. मी गाठ सोडून गोळा हातात घेतला होता. अंगठा आपोआप फिरत होता.

आणि मला दिसायला लागलं, की अंगठा उजवीकडे नेला की डोंगर उजवीकडे जातोय. खाली ओढला की एक ढग खाली येतोय. मी तो ढग अलगद अंगठ्याने ओढला आणि माणच्या बरोब्बर मध्यावर आणून ठेवला. टिचकी मारली. पाऊस पडला. सरपंचाची बायको पदराने तोंड पुसत हसली. शिवांजली जीपमधून म्हणाली, तात्या, अजून एक, तिकडं वळई गावाकडं. मी दुसरा ढग शोधायला अंगठा वळवला आणि अंगठ्याखाली काहीच नव्हतं.

डोळे उघडले. गोळा गेला होता.

गाडी चढाला लागली होती आणि गोळा मागच्या बाकांखाली गडगडत चालला होता. आवाज ऐकू येत होता. मग उतार लागला आणि तो पुढे आला.

"आगं आयाऽ!" एक म्हातारी ओरडली. "लिंबू! कुनीतरी उतरून टाकल्यालं लिंबू हाय! हात लावू नगा कुनी, पाय वर घ्या!"

सगळ्या गाडीने पाय वर घेतले. पन्नास माणसं बाकांवर मांड्या घालून बसली. गोळा मोकळ्या वाटेने ऐटीत पुढे गेला, ब्रेक सुटला तसा मागे आला.

"त्ये..." मी म्हणालो, "त्ये... माजं... हाय."

माझ्या आयुष्यात माझं बोलणं इतकं मन लावून कुणी ऐकलं नव्हतं. सगळी तोंडं माझ्याकडे वळली.

"ह्यांचं हाय म्हनं!"

"तळहात बगा की म्हाताऱ्याचं! हळदीनं पिवळं!"

माझ्या शेजारी एक पैलवान बसला होता. मान बैलासारखी. तो उठला आणि मागे जाऊन दोन बायकांच्या मध्ये बसला. कंडक्टरने घंटी मारून गाडी थांबवली.

"कुठं निघालाय, बाबा?"

"म्हसवड... पोरीकडं..."

"पोरीवर काय ठिवायचं हाय का त्ये?"

"तिच्या... मांडीवर..." मी खरं तेच सांगत होतो.

"आरं द्येवा!" म्हातारी म्हणाली. "पोटच्या पोरीवर!"

मी खाली वाकून, गुडघ्यांवर रांगत गोळा शोधला. तो ड्रायव्हरच्या मागे जाऊन थांबला होता. मी पंच्यात बांधला. त्यानंतर म्हसवडपर्यंत तीन माणसांच्या बाकावर मी एकटा बसलो. उतरताना म्हातारीने माझ्या हातावर दहा पैसे ठेवले आणि म्हणाली, "आमच्या वाट्याला जाऊ नगा, म्हाराज."

शिवांजली तिच्या खोलीच्या दारात वाट बघत होती. जेवायला सुद्धा थांबली होती.

"आणलं, तात्या?"

मी गाठ सोडली आणि गोळा तिच्या तळहातावर ठेवला. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग माझ्या पिशवीकडे. पिशवीत माझं धोतर आणि नानासोच्या बायकोने दिलेल्या भाकरी होत्या.

"बाकीचं?"

"सांगलीत हाय. पसंत... पडलं की... उचलू."

मी हे म्हणालो आणि म्हणतानाच मला कळलं. उद्या बुधवार. सांगली एवढ्या दूर. चाळीस वर्षांचा नेम पाळून मी माझ्या पोरीला एक गोळा आणून दिला होता.

ती मला एक शब्दही उणा बोलली नाही. तेच लागलं. ती उंबऱ्यावर बसली, गोळा ओंजळीत धरून. थोड्या वेळाने म्हणाली, "चांगला हाय गोळा, तात्या. खरंच चांगला हाय." तिच्या आवाजावरून मला कळलं की आता ती रडणार आहे आणि मला दिसू नये म्हणून आत जाणार आहे.

मी तिच्याशेजारी बसलो. काय बोलावं सुचेना. (सुचलं असतं तरी संध्याकाळ झाली असती.) म्हणून निदान ते यंत्र कसं चालतं ते दाखवावं असं वाटलं. मी गोळा मुठीत धरला, अर्धा मुठीच्या वर राहील असा, आणि अंगठ्याने फिरवला. "हे... जागेवर. फकस्त... वरचं फिरतंय."

शिवांजलीने मान वर केली. माझी मूठ बघितली. पुन्हा बघितली.

"थांबा, तात्या."

ती आत गेली आणि तिचा तो जुना माऊस घेऊन आली. तो तिने पालथा केला, पाठ तळहातावर आणि पोट आभाळाकडे. पोटातली गोळी थोडीशी वर आलेली होती. तिने माती पुसली, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि त्या गोळीवर अंगठा ठेवून फिरवला.

बाण चालला.

खालून तिची बोटं टिचकीच्या बटणांवर आपोआप बसली होती. टेबल नको, ओटा नको, काही नको. गेले दोन आठवडे ती जे शोधत होती ते तिच्याच हातात उलटं पडलं होतं. आणि मी ते आणायला सांगलीला जाऊन आलो होतो.

"पर हे येडं चालतंय," ती म्हणाली. "आडवं बराबर जातंय. उभं मातर अंगठा वर नेला की बाण खाली, खाली ओढला की वर."

"रहाट," मी म्हणालो.

एकच शब्द असल्यामुळे तो लवकर निघाला. तिला तो लगेच कळला. दोर खाली ओढला की बादली वर. आठव्या वर्षापासून तिने ते केलेलं होतं. ती हसली, आणि नकाशावरच्या एका विहिरीवर बाण असा आणून ठेवला की पाणी शेंदल्यासारखं वाटलं.

बुधवारी साहेब आले. उंच, गोरे, डोळ्यांवर काळा चष्मा. गावाबाहेरच्या एका विहिरीच्या कठड्यावर शिवांजली मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली. भोवती कचेरीतली माणसं, चार गावकरी, आणि मागे मी. तिने माऊस पालथा धरला. ती सारखी अंगठ्याकडे बघत होती. अंगठ्याकडे बघितलं की बाण चुके, बाणाकडे बघितलं की अंगठा बावरे. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं.

मला हे दुखणं माहीत होतं. बाजारात नवा माणूस आला की तो बोटांकडे बघायचा आणि फसायचा. म्हणून तर पंचा असतो. पंचा दुसऱ्यापासून लपवायला नसतो, आपल्या डोळ्यांपासून लपवायला असतो.

मी पुढे झालो आणि खांद्यावरचा पंचा तिच्या हातावर टाकला. टाकताना आत हात घालून तिची करंगळी दोनदा दाबली.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"ऊन लागू नये म्हणून, साहेब," शिवांजली शांतपणे म्हणाली. "नाजूक असतं हे."

तिचे डोळे आता फक्त बाणावर होते. पंच्याखाली काहीतरी हलत होतं, उंदराएवढं, चिमणीएवढं. बाण माळावरून चालला, ओढ्याच्या कडेने वळला आणि विहिरीवर थांबला. टिचकी. पुढची विहीर. टिचकी. तळं. टिचकी. मला कालचे ढग आठवले. अकरा खुणा पडल्या आणि सरपंचाचं माजघर कोरडं राहिलं.

साहेबांनी चष्मा काढला. "सुंदर. हे यंत्र आणलं कुठून?"

"वडील परवाच सांगलीला जाऊन यंत्रं पारखून आले," शिवांजली म्हणाली. (पोरगी आईवर गेली आहे. खोटं बोलत नाही, पण खऱ्याला पंचा घालते.)

साहेब माझ्याकडे वळले. हात जोडले. "बाबा, तुमच्या मुलीचं काम कायम झालं असं समजा. आपल्या सगळ्या कचेरीला असं यंत्र लागेल. तुमचं काय मत आहे?"

मला पुष्कळ मत होतं. मी घसा साफ केला. "साहेब... त्याचं... असं हाय..."

जीप गेली तेव्हा मी 'हाय'वर होतो. धूळ खाली बसल्यावर मी वाक्य पुरं केलं. विहिरीवर एक म्हैस होती, तिने ऐकलं.

मग मी सिद्धनाथाच्या देवळात गेलो. मनात इतकं भरून आलं होतं की नुसता नमस्कार करून भागलं नसतं. नारळ तर सगळेच देतात. या दोन दिवसांत माझ्याकडे सगळ्यात मोलाचं जे होतं ते मी पंच्यातून सोडलं आणि देवाच्या पायाशी ठेवलं. गुरवाने त्यावर मूठभर गुलाल टाकला. पिवळट पांढरा गोळा गुलाबी झाला. फार शोभला.

पुढची गोष्ट महिन्याभराने झाली. शिवांजली कायम झाल्याचा कागद आला आणि त्याच आठवड्यात कचेरीत सांगलीहून एक खोकं आलं. साहेबांनी सुमंतच्या दुकानाला हुकूम धाडला होता: 'आकाराम, रहिमतपूर, यांनी पसंत केलेलं यंत्र पाठवा.' सुमंतने नाव वाचून तत्परतेने तेच पाठवलं होतं. साहेबांनी सगळ्यांसमोर खोकं उघडायला मलाच बोलावलं. हार आणला होता. शालूबाईही नवं लुगडं नेसून आली होती.

मी खोकं उघडलं. आत चिमटा होता, डबा होता, वाटी होती. वाटीत गोळा नव्हता. दोऱ्याला नानासोची चिठ्ठी लोंबत होती: 'नमुना पार्टीकडे.'

साहेबांनी चिठ्ठी वाचली. मग माझ्याकडे बघितलं. मी हार गळ्यात घालून तसाच धावत देवळात गेलो. गुरव म्हणाला, "कसला गोळा मागताय? आवं, द्येवाला वाहिल्यालं परत घेत्यात व्हय? आन् आता लोक त्येला नवस बोलाय लागल्यात."

मी आत डोकावलो. गोळा गुलालात न्हाऊन बसला होता. त्याच्यापुढे एक म्हातारी हात जोडून उभी होती. एसटीतलीच. तिने मला बघितलं आणि पाय वर घ्यायला जागा शोधली.

शिवांजली अजून माऊस पालथाच धरते. हार शालूबाईने परतीच्या एसटीतच माझ्या गळ्यातून काढला आणि शेजारच्या बाईच्या शेळीला घातला.

"चाळीस वर्सं ह्यो मानूस माल पारखत हुता," ती त्या बाईला सांगत होती. "नमुना लय ब्येस काढायचा. म्या बी नमुना बघूनच फसले."

मी त्यावर उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण रहिमतपूर आलं होतं.